चालण्यापुरतं गाणं

बाबांना गाण्याची आवड कधीच नव्हती. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, "अरे वा, काका संगीतप्रेमी दिसतात." अजिबात नव्हते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलं, आणि घरी आल्यावर त्यांना फक्त शांतता लागायची. रेडिओ आईचा. तो स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, आवाज इतका बारीक की कढईत काही पडलं की निवेदक गायबच. शेजारी लग्नाचा बँड आला की बाबा खिडक्या लावून घ्यायचे. गावाला गणपतीत आरत्या चालायच्या तेव्हा हा माणूस मागच्या पडवीत नारळ सोलत बसायचा.

मी त्यांची एकुलती मुलगी. लग्न केलं नाही. पवईला एका ऑफिसात कागदपत्रांचं काम करते आणि मुलुंड पूर्वेला आईबाबांबरोबर राहते. हा फ्लॅट बाबांनी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी घेतला. तळमजला अधिक चार, लिफ्ट आहे, पुढे फरशीचं छोटं कंपाउंड, गेटजवळ एक कडुनिंब.

आजार आधी हातात दिसला. चहाचा कप बशीवर वाजायचा. मग अक्षर बारीक होत गेलं, मग चेहरा. आई म्हणायची, "हे हसतच नाहीत हल्ली, रागावलेत का गं?" रागावले नव्हते. चेहऱ्याचे स्नायूच आळसावले होते. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या सुरू झाल्या, आणि तीनेक वर्षं बरी गेली. त्यानंतर पाय अडकायला लागले.

पहिल्यांदा ते मी बघितलं ते बाथरूमच्या दाराशी. बाबा उंबरठ्यासमोर उभे, अंग पुढे झुकलेलं, गुडघे थरथरतायत, पण पाऊल जागचं हलत नाही.

"बाबा, जा ना आत."

"पाय चिकाटले," ते म्हणाले. बाबा माझ्याशी तसं मराठीच बोलायचे, पण घाबरले की मालवणीत जायचे. "धरू नको माका. पडान."

मी धरलं नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मिनिटभराने आपोआप एक पाय सुटला आणि ते आत गेले. दार लावून घेतलं. आतून बराच वेळ नळाचा आवाज आला नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवता येतील, पण व्यायाम हवा, रोज चालणं हवं. न चालणाऱ्याला चाला म्हणून सांगणं सोपं असतं. त्यांनी एका फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं. मुलुंड पश्चिमेला तिचं क्लिनिक होतं, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. तिशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. ती पेशंटच्या मुलीशी न बोलता थेट पेशंटशी बोलायची, म्हणून मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

"काका, तुमचे पाय ठीक आहेत," ती म्हणाली. "ताकद आहे. पायांना ऑर्डर पोचत नाहीये. आपण दुसरीकडून ऑर्डर पाठवू."

तिने आधी तालयंत्र लावलं. टक, टक, टक. बाबा चार पावलं चालले आणि थांबले. "गळक्या नळासारखा वाजतोय," म्हणाले. मग तिने विचारलं, गाणं कुठलं आवडतं. बाबांनी मान हलवली. आईने मध्येच सांगितलं की यांच्या गावात भजनाची परंपरा आहे, आणि तिने तिच्या फोनवर भजनाचा एक गजर लावला. सुरुवात संथ होती. बाबांनी पाऊल उचललं, दुसरं उचललं, आणि आई माझ्याकडे बघून हसली. पण गजराचं काय असतं, तो चढत जातो. पखवाज चढला तशी बाबांची पावलं लहान आणि भरभर व्हायला लागली, अंग पुढे गेलं, पाय मागून धावायला लागले, आणि समोर भिंत. तिने त्यांच्या कमरेचा पट्टा मागून पकडला म्हणून वाचले.

"बंद करा, बंद करा!" ती ओरडली. मग बाबांना खुर्चीत बसवून म्हणाली, "काका, हे गाणं तुम्हाला पळवतंय. आपल्याला न पळवणारं पाहिजे. एकाच ठेक्याचं."

तिने स्वतःचा फोन काढला. "हे मी जिममध्ये ट्रेडमिलवर लावते. गाणं असलं ना की मी नेहमीपेक्षा जास्त धावते. दम लागतो, पण लक्षातच येत नाही. फक्त तुमच्यासाठी स्पीड कमी करते."

ते एक नाचाचं हिंदी गाणं होतं. कुठलं ते सांगत नाही. त्यात एक बाई आपल्या कमरेबद्दल सांगत असते आणि मागे ढोलासारखं काहीतरी न थकता वाजत असतं. आईने पदर तोंडाला लावला. बाबा उठले. खोलीच्या त्या टोकापर्यंत गेले. वळले. वळणं म्हणजे सगळ्यात अवघड, तिथेच ते खिळायचे. वळले आणि परत आले. हातसुद्धा हलत होते, दोन्ही. गेल्या वर्षभरात मी त्यांचा डावा हात चालताना हललेला बघितला नव्हता.

गाणं चालूच होतं. बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ह्या गाण्यार मी चालूचंय नाय."

"का हो?"

"लाज वाटता."

फिजिओला मालवणी कळलं नसावं, पण चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही शब्द ऐकू नका. पाय ऐकतायत, त्यांना ऐकू द्या."

पुढचे सात-आठ महिने आमच्या घरात ते गाणं वाजलं. सुरुवातीला मी एक छोटा स्पीकर आणला, मेमरी कार्डवाला. आई तो पिशवीत घालून खांद्याला लावायची आणि बाबांच्या मागून चालायची. बाबा पुढे, पांढरा लेंगा, कॅनव्हासचे बूट, आणि मागून सत्तरीची आई, खांद्यावरच्या पिशवीतून ती कमरेवाली बाई गातेय. आधी अर्धी फेरी, मग एक, मग दोन. एका रविवारी चार फेऱ्या झाल्या. चौथी संपवून बाबा कडुनिंबाखाली उभे राहिले आणि वॉचमनला म्हणाले, "गेटाचं बिजागर तेल मागतंय." किती महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या कशाकडे तरी लक्ष दिलं होतं. तोपर्यंत त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या पायांकडे असायचं.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बाबा, गाणं लागलं की नक्की काय होतं?"

त्यांनी विचार केला. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागायचा, आणि मी थांबायला शिकले होते.

"मशीन चालू असली की हात आपोआप चालायचा ना," ते म्हणाले. "हाताला सांगावं लागायचं नाही. मशीन बंद पडली की हात नुसता हात. तसं."

"मग आवडायला लागलं का गाणं?"

"मशीन काय आवडता काय?" ते म्हणाले.

मी फिजिओला हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण मग म्हणाली, "ताई, एक सांगू? याच्यावर फार जीव लावू नका. काकांच्या मेंदूतला मेन रोड बंद होत चाललाय. गाणं म्हणजे बाजूची गल्ली. आता आपण गल्लीतून जातोय. ती पण कधीतरी बंद होणार."

"कधी?"

"ते कोणी सांगू शकत नाही."

मी हो म्हटलं. ऐकलं, पण आत घेतलं नाही. घरी एक माणूस रोज चालतोय म्हटल्यावर कोण आत घेईल.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रार केली. चांगला माणूस, बँकेतून निवृत्त. संकोचत दारात आला. "अहो, राग मानू नका. पण सकाळी साडेसातला, रोज तेच गाणं... नातीची परीक्षा आहे. आणि त्यातले शब्द..." बाबांचे कान लाल झाले. चेहरा हलत नव्हता, पण कान लाल झाले. तो गेल्यावर म्हणाले, "उद्यापासून नको."

मी त्याच संध्याकाळी स्टेशनजवळून गळ्यात अडकवायचे ब्लूटूथ इअरफोन आणले. बाबांसाठी एक साधा स्मार्टफोन होता, गावच्या भावाशी बोलायला. त्यात गाणं टाकलं. आता गाणं फक्त त्यांच्या कानात. बाहेरून बघणाऱ्याला एक म्हातारा शांतपणे चालताना दिसायचा. बाबांना ते बरं वाटलं. मला वाटतं त्या काही आठवड्यांत ते थोडे खूशही होते.

फिजिओने एकच अट घातली. "फोन आला तर गाणं बंद पडेल. ते मध्येच बंद पडलेलं चालणार नाही. पाऊल हवेत असताना ऑर्डर थांबली तर काका तिथेच थांबतील, पण वरचं अंग थांबणार नाही. कळतंय ना? फ्लाइट मोडवर टाकूनच चालायचं."

फ्लाइट मोड टाकला की ब्लूटूथही बंद व्हायचं. मग ते परत चालू करायचं, इअरफोन जोडले गेले का बघायचं, आणि गाणं पुन्हापुन्हा वाजेल असं लावायचं. आईला एवढं सगळं जमायचं नाही. तिला नुसतं गाणं सुरू करणं आणि बंद करणं यायचं. म्हणून ते माझं काम. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी दारात बाबांच्या गळ्यात तो पट्टा अडकवायची, बोळे कानात घालायची, फोनवर हे सगळं करायची, आणि फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावायची. रात्री परत आल्यावर फ्लाइट मोड काढायची. कधी विसरले नाही. एक दिवस सोडला तर कधी विसरले नाही.

त्या दिवशी ऑफिसात सकाळी लवकर मीटिंग होती. मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघत होते. केस ओले, पायात एक चप्पल. बाबा बूट घालून दारात स्टुलावर तयार बसलेले. त्यांना सांगितलेल्या वेळेच्या आधी तयार व्हायची सवय, कारखान्याची. मी पट्टा अडकवला, गाणं लावलं, पिन लावली. "जाते हां बाबा. आई, निघाले गं." बाबांनी मान हलवली. त्यांच्या टाचेने ठेका धरलासुद्धा होता.

बस भांडुपच्या पुढे ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की डबा ओट्यावरच राहिला. आदल्या दिवशी आणलेली वालपापडी होती, आईने पहाटे उठून केली होती. दुपारपर्यंत बाहेर राहिली तर आंबणार. मी आईला फोन लावला. तिने उचलला नाही, तिचा फोन चार्जिंगला असतो सकाळी. म्हणून मी बाबांना लावला.

फोन लागला. रिंग वाजली. मी खिडकीबाहेर बघत होते आणि ती रिंग कानाने ऐकत होते, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. इतके आठवडे सकाळच्या वेळी हा फोन लागायलाच नको होता, हे आलं नाही. पूर्ण रिंग वाजून बंद झाली. मी परत लावला. दुसऱ्यांदाही पूर्ण वाजली.

दहा-बारा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. तेच, तक्रारवाले. "तू कुठे आहेस? तुझे बाबा पडलेत. गेटजवळच्या उताराला. आम्ही हलवलं नाहीये, ॲम्ब्युलन्स बोलावलीय. तू थेट हॉस्पिटलला ये."

बसमधून उतरले, रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर मी माझ्या फोनवर केलेल्या कॉल्सची यादी उघडली. बाबा, बाबा. दोनदा. एका मिनिटाच्या आत. तेव्हा कळलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा सांधा बदलावा लागेल. ऑपरेशन होईपर्यंत आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आईच्या साडीला फरशीची माती लागली होती, कारण ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती.

"कसे पडले?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"चांगले चालत होते गं. मी मागेच होते, दोन पावलं. उताराला लागले आणि एकदम थबकले. एक पाय वर. आणि तसेच पुढे..." तिने हाताने दाखवलं. एखादी शिडी पडते तसं. "मी पदराला धरावं तसं शर्टाला धरलं, पण सुटला. पडल्यावर पण त्यांच्या कानात काहीतरी वाजत होतं. मी काढलं ते कानातून. फोनची रिंग होती."

मी माझा फोन पर्समध्ये टाकला.

"कुणाचा होता कोण जाणे," आई म्हणाली. "त्या बँकवाल्यांचे, कर्जवाल्यांचे येत असतात."

ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नाही, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली. तिला तेव्हाच माहीत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. डबा तर तिला ओट्यावर दिसला असणारच. घरी गेल्यावर बघितलं, डबा धुवून पालथा घातलेला होता. भाजीचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

हॉस्पिटलमध्ये बाबा दहा दिवस होते. कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळा तिथे थोड्या पुढेमागे झाल्या आणि त्यांचं अंग लाकडासारखं झालं. मध्येच त्यांना छताला मशीनचे पट्टे फिरताना दिसायचे, कारखान्यातले जुने. ते हात वर करून काहीतरी थांबवायला बघायचे. नर्सने हात बांधायचं विचारलं. मी नको म्हटलं आणि रात्र-दिवस हात धरून बसले. आठ दिवसांनी पट्टे गेले. आवाजही गेला. म्हणजे पूर्ण नाही, पण इतका खोल गेला की ओठांना कान लावावा लागायचा.

घरी आल्यावर फिजिओ आली. ती वॉकर घेऊन आली होती, आणि मी न सांगता तिने फोनवर ते गाणं आधीच काढून ठेवलं होतं. आई डाव्या बाजूला, मी उजव्या, ती समोर. बाबांना उभं केलं. ते उभे राहिले. चढता नको म्हणून तिने तोच संथ केलेला ठेका लावला.

"काका, ऐका. चला. डावा."

गाणं वाजत राहिलं. बाबांनी वॉकर घट्ट धरला होता, बोटं पांढरी. गुडघे थरथरत होते. डोळे समोरच्या दरवाज्यावर. पाय जमिनीवर. गाणं संपलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. तिने ठेका थोडा वाढवला. कमी केला. टाळ्या वाजवल्या. "एक, दोन, काका, एक, दोन." मी वाकून त्यांचा डावा पाय हाताने उचलून पुढे ठेवला. तो तिथे राहिला. उजवा मागे राहिला.

"बसवूया," ती म्हणाली.

ती सहा आठवडे आली, आठवड्यातून तीनदा. भजनसुद्धा लावून बघितलं. ज्या गजराने एकदा त्यांना भिंतीवर नेलं होतं, तो लावला. मी मनात म्हणत होते, पळव, पळव रे बाबांना, भिंतीवर आदळू दे, मी धरते. पखवाज चढत गेला, टाळ चढले, आणि बाबा उभेच. नंतर नंतर तर उभं करतानाही दोघींना जड व्हायला लागले.

एक दिवस गाणं लावल्यावर बाबांचे ओठ हलले. आईने कान लावला.

"काय म्हणतायत?"

"बंद कर म्हणतायत."

मी बंद केलं. फिजिओ पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने आईला आणि मला हातापायाचे सांधे आखडू नयेत म्हणून रोज करायच्या हालचाली दाखवल्या. घोटा असा फिरवायचा, गुडघा असा वाकवायचा, कूस दर दोन तासांनी बदलायची. आम्ही दोघींनी तिच्यासमोर करून दाखवलं.

जिन्यात मी तिला गाठलं. "तुम्हाला एक विचारायचंय. त्या दिवशी पडले नसते तर?"

तिला मी फोनचं सांगितलं होतं, तिला एकटीलाच. ती चप्पल घालत होती. म्हणाली, "आणखी काही महिने चालले असते, कदाचित."

"किती?"

"ताई, नका विचारू." मग ती मला म्हणाली, "तुम्ही स्वतःकडे बघा. उचलून उचलून कंबर जाईल. रोज थोडं चाला तरी."

ती खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं का, मला माहीत नाही. आणखी काही महिने. म्हणजे पावसाळाभर. म्हणजे त्यांच्या पंच्याहत्तरीला ते स्वतःच्या पायांनी देवघरापर्यंत गेले असते. एवढं माझ्या हातून गेलं. लोकांना हे थोडं वाटेल.

मी चालायला जाते, फिजिओने सांगितलं म्हणून. जवळच्या बागेत संध्याकाळी. तिथे प्रत्येकाच्या कानात काहीतरी असतं. मुली झपझप पुढे जातात, ओठ हलत असतात, घामाघूम झाल्या तरी चेहरे खूश. एकदा मीही लावून बघितलं, साधं जुनं काहीतरी. पाय आपोआप त्या ठेक्याला लागले, मला न विचारता, आणि मी इअरफोन ओढून काढले. मी बाकावर जाऊन बसले. एका बाईने विचारलं, "चक्कर येतेय का?" मी हो म्हटलं. त्यानंतर मी तशीच चालते. बागेच्या बाजूने रेल्वेचा आवाज येतो, कुत्री भुंकतात. दोन फेऱ्या होतात. तिसरी होत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी बाबांना सांगितलं. आई बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आडवी झाली होती. बाबा जागे होते. जागे असतात तेव्हा ते खिडकीकडे बघतात. मी त्यांची नखं कापत होते. अंगठ्याचं नख जाड झालंय, पाण्यात भिजवून ठेवावं लागतं. मी नेलकटर खाली ठेवलं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही पडलात ना. फोन मी केला होता."

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. डोळे अजून वळतात.

"मी डबा विसरले होते. भाजी खाऊन टाका म्हणून सांगायला केला. आणि फ्लाइट मोड लावायला विसरले. दोन्ही मीच."

मी रडणार असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. मी वाट बघत बसले. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली. मग त्यांचे ओठ हलले. मी पटकन उठून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. गरम श्वास, आणि त्यात तीन-चार शब्द होते. शब्द होते एवढं नक्की, नुसता श्वास नव्हता. मला ते कळले नाहीत.

"काय, बाबा? परत बोला ना."

ओठ मिटले.

"बाबा, एकदाच. मोटर चालू होती, ऐकू नाही आलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, पापण्या हलत होत्या. मी तशीच वाकून राहिले, कंबर भरून येईपर्यंत. मग मला वाटलं, तहान लागली असेल. चमच्याने पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, म्हणजे गिळलं. म्हणजे कदाचित पाणीच मागितलं असेल.

आई दारात आली. किती वेळ उभी होती माहीत नाही. केस सुटलेले, चष्मा कपाळावर.

"काय म्हणाले?"

"पाणी म्हणाले."

"किती घेतलं?"

"दोन चमचे."

"मान वर कर त्यांची आधी," ती म्हणाली, आणि पलीकडून उशी धरायला आली. "ठसका लागेल."